ओढ वेगळी, नशा वेगळी



मी सिनेमाचा समीक्षक नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. त्यामुळे एका कादंबरीचा सिनेमा करताना काय गाळलं, हे आधी बघतो.

ब्रेट ईस्टन एलिसची ‘लेस दॅन झीरो’ ही कादंबरी 1985ची. लॉस एंजलिसमधली पैसेवाल्यांची पोरं, पार्ट्या, कोकेन. त्यातला क्ले मुलींबरोबर असतो तसा मुलांबरोबरही, आणि लेखक त्याचा गाजावाजा करत नाही. 1987च्या सिनेमात मात्र क्ले नशेपासून लांब राहणारा आणि फक्त मुलीवर प्रेम करणारा सज्जन झाला. समलिंगी संबंध उरला एकाच ठिकाणी. ज्युलियनची उधारी थकते, म्हणून नशा विकणारा त्याला पुरुषांकडे पाठवतो. शेवटी ज्युलियन मरतो. कादंबरीत तो मरत नाही. गंमत बघा, याच दिग्दर्शकाने, मारेक कानिएव्हस्काने, 1984 साली ‘अनदर कंट्री’त समलिंगी तरुणाला नायक केलं होतं.

मग बघणारा काय समजून उठतो? पुरुष पुरुषाजवळ जातो तो गर्दपायी.

मराठीत 1981 साली तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ आलं. रोहिणी हट्टंगडींनी मित्राची भूमिका केली. मित्राला मुलगी आवडते, आणि शेवटी ती जीव देते. हा शेवट मलाही खुपतो. पण तेंडुलकर तिला एकटं पाडणारी माणसंही समोर उभी करतात. सिनेमाने तेवढंही केलं नाही.

आता सोलापूर. इथे कोकेन नसेल, मावा-गुटखा आहे. गुटख्यावर राज्यात 2012पासून बंदी, तरी तो कुठे मिळतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण गुटखा खाणाऱ्या माणसाला बायको आवडते ती गुटख्यामुळे, असं कुणी म्हणतं का?

माझ्या ओळखीतल्या एका मुलाने घरी सांगितलं की मला मुलगे आवडतात. त्याला सिगारेटचीही सवय नाही. तरी अब्बांनी त्याला एका व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन ठेवलं. अम्मी मला विचारत होत्या, “बेटा, किसने पिलाया इसको?” त्यांचा राग नव्हता, खरंच शोध चालला होता. दुसरं कारण त्यांना कधी कुणी दाखवलंच नव्हतं.

कारण शोधायचंच तर उलट्या बाजूने शोधा. लपून जगणारा, मार खाल्लेला, घराबाहेर काढलेला पोरगा नशेकडे जाऊ शकतो. तिथे दुखणं लपवण्याचं आहे, ओढीचं नाही.

6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना कलम 377मधून बाहेर काढलं. 2022 साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ‘बरं करून देतो’ म्हणणारे उपचार हा डॉक्टरांचा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला. असं कुणी तुमच्या घरी सुचवलं, तर हे तोंडावर सांगा.

मागून चिठ्ठी आलीय: “दीनमध्ये याला परवानगी नाही, मग?” त्यावर मतं वेगळी आहेत, बसून बोलू. पण जो याला गुनाह मानतो त्यानेही याला व्यसन म्हणू नये. त्या नावाखाली पोराला कुलपात ठेवता येतं.

तो मुलगा तीन आठवड्यांनी सुटला. आता हैदराबादला नोकरी करतो. अम्मी जुम्म्याला फोन करतात, अब्बा अजून नाही.