तरंगाची भाषा
(शताब्दीवर्षात ग्रंथालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानातून)



शब्दांच्या या मंदिरात विद्युत्मापनासारखा रुक्ष विषय घेऊन उभा राहताना मला संकोच वाटतो. परंतु मी बोलणार आहे ते भाषेविषयीच.

ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर विजेचा तरंग दिसतो, हे आपण जाणता. पूर्वी तो पाहावा आणि फार तर त्याचे छायाचित्र घ्यावे, एवढेच शक्य होते. पुढे उपकरणे तरंगाचे ठरावीक अंतराने नमुने घेऊन त्याची आकड्यांची रांग संगणकाच्या हाती देऊ लागली. मग प्रश्न आला तो या रांगेशी कोणत्या भाषेत बोलायचे, हा.

नोकरीच्या काळात आम्ही ट्रान्सफॉर्मरवर भार नसताना होणारा शक्तीचा ऱ्हास मोजत असू. एका आवर्तनाचे 1000 नमुने घ्यायचे, प्रत्येक क्षणाचा दाब त्याच क्षणाच्या प्रवाहाने गुणायचा आणि सरासरी काढायची. हे काम आमचा प्रोग्रॅम एकेक आकडा उचलून करी. एकदा ऱ्हास मर्यादेबाहेर आला आणि ठपका गाभा रचणाऱ्या वृद्ध कारागिरावर ठेवला गेला. तीन दिवसांनी चूक सापडली. मोजणीचा आरंभ एके ठिकाणी शून्यापासून व दुसऱ्या ठिकाणी एकापासून धरल्यामुळे प्रत्येक दाब शेजारच्या क्षणाच्या प्रवाहाशी गुणला जात होता. एका नमुन्याची चूक म्हणजे अवघा 0.36 अंश; पण पॉवर फॅक्टर 0.1 असला, तर तेवढ्याने मोजलेल्या शक्तीत सुमारे 6 टक्के फरक पडतो! प्रोग्रॅम मीच लिहिला होता. त्या कारागिराची क्षमा मागताना माझी मान खाली गेली.

त्यानंतर मी केनेथ आयव्हर्सन यांच्याकडे वळलो. 1962 साली त्यांनी ग्रंथरूपाने मांडलेल्या चिन्हपद्धतीतून एपीएल ही भाषा उभी राहिली. तीत सबंध रांग हेच एक नाम असते. दाबाला प्रवाहाने गुणा, एवढेच सांगायचे; कितवा आकडा कितव्याशी गुणायचा हे माणसाला लिहावे लागत नाही. अधिकचिन्ह आणि तिरकी रेघ लिहिली की साऱ्या रांगेची बेरीज होते. रांगांची लांबी जुळली नाही, तर यंत्र तिथल्या तिथे अडते. 1979 साली ट्यूरिंग पारितोषिक स्वीकारताना आयव्हर्सन यांनी भाषणाचा विषयच निवडला होता, चिन्हलेखन हे विचाराचे साधन. आपल्या भास्कराचार्यांनीही बीजगणितात अज्ञात राशींसाठी या, का, नी अशी आद्याक्षरे योजली होती, हे इथे आठवते.

या भाषेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. उपकरणातच एका वाहिनीला उशीर होत असेल, तर भाषा तो दोष ओळखत नाही. शिवाय एपीएलची चिन्हे इतकी आटोपशीर की स्वतः लिहिलेली ओळ महिन्याने स्वतःलाच उलगडत नाही. तरी तो विचार टिकला. पायथॉनमधील नमपायच्या साहाय्याने आज मापनशाळेत काम करणारी मुलेही सबंध तरंगाला एकाच नावाने हाक मारतात.

मित्रहो, भाषा अपुरी असली की चूक आपली होते आणि ठपका दुसऱ्यावर बसतो. हे मी एका कारखान्यात शिकलो. नेमका शब्द शोधण्याची सवय मात्र मला याच ग्रंथालयाच्या बाकांवर लागली.