गाडीचा हिशेब : दारातला आणि रस्त्यावरचा

(मारेगाव येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



कापसाचे चुकारे हाती आले आहेत आणि पेरणीला अजून अवकाश आहे. गावात गाडीची चौकशी निघते ती याच दिवसांत. प्रश्नही ठरलेला : ‘ऑन-रोड केवढ्याला पडली?’ आकडा कळला की बोलणे संपते. मला त्यापुढचे बोलायचे आहे. गाडी घ्यायला लागतो तो पैसा वेगळा आणि ती बाळगायला लागतो तो वेगळा, आणि शेवटी भारी पडतो तो दुसराच.

आधी कर पाहू. वाहनांवर कर बसवण्याचा अधिकार राज्यघटनेने राज्यांना दिला आहे. सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत ती ५७ वी नोंद आहे. आपला यवतमाळ जिल्हा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५८ च्या मोटार वाहन कर कायद्याखाली गेला. तोच कायदा, दुरुस्त्या होत होत, आजही चालू आहे. जुन्या माणसांना आठवत असेल, पूर्वी हा कर मुदतीमुदतीने भरायचा आणि त्याचे टोकन काचेवर लावायचे. आता खासगी कारला एकरकमी कर आहे. पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, वीस लाखांपर्यंत १२, त्यापुढे १३. डिझेलला हेच दर १३, १४ आणि १५. कंपनीच्या नावावर गाडी घेतली तर सरसकट २० टक्के. २०१७ मध्ये जीएसटी आला, त्याच सुमारास राज्याने हे दर दोन टक्क्यांनी वाढवले होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, उपकरही गेला. पण राज्याचा कर आहे तिथेच राहिला.

आता कागद-पेन्सिल घ्या. कराच्या हिशेबाला गाडीची किंमत आठ लाख धरू. पेट्रोल गाडी, म्हणजे ११ टक्क्यांनी ८८ हजार रुपये. शोरूमच्या कोटेशनवर हा आकडा दिसला की पोटात गोळा येतो. पण तो पंधरा वर्षांवर पसरा : दिवसाला सोळा रुपये. म्हणजे माणूस ज्या करावर सगळ्यात जास्त चिडतो, तो त्या गाडीच्या हलक्या खर्चांपैकी एक निघतो.

जड काय ते पुढे आहे. सात लाखांचे कर्ज, नऊ टक्के व्याज, पाच वर्षे मुदत. हप्ता बसतो सुमारे साडेचौदा हजार आणि पाच वर्षांत व्याज जाते एक लाख बाहत्तर हजारांच्या घरात, कराच्या जवळपास दुप्पट. नोकरदाराला हे झेपेल, त्याचा पगार दर महिन्याला येतो. कास्तकाराचा कापूस वर्षातून एकदा विकला जातो आणि हप्ता मात्र बारा वेळा येतो. जुलैत बी-बियाणे, खत, फवारणी, मजुरी हे सगळे एकदम अंगावर असते, त्याच महिन्याच्या पाच तारखेला बँकेचा मेसेजही येतो. घरातली गाडी विकायची पाळी बहुधा याच दिवसांत येते.

मग विमा. १००० ते १५०० सीसीच्या नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. त्याचा हप्ता १०,६४० रुपये, वर जीएसटी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशापासून ही सक्ती आहे. तो विमा समोरच्याची भरपाई करतो, तुमचा चेपलेला दरवाजा नाही. त्यासाठी दरवर्षी वेगळा विमा.

‘मग जुनी घेऊ’ असे कोणी म्हणेल. जरूर घ्या, पण आरसी आधी बघा. आपल्याकडून तेलंगणाची हद्द लांब नाही, तिकडची गाडी स्वस्तात मिळते. मात्र तिकडे भरलेला कर इथे चालत नाही. बारा महिन्यांच्या वर गाडी इथे ठेवायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी आणून ‘एमएच २९’ पासिंग करावे लागते, आणि वयाच्या हिशेबाने इथला कर भरावा लागतो. गाडी पंधरा वर्षांची झाली असेल तर नोंदणीच्या नूतनीकरणाला पाच हजार, वीस वर्षांच्या वर गेली तर दहा हजार. वर पर्यावरण कर निराळा. दीड लाखाची गाडी कागदांसकट केवढ्याला पडते, ते व्यवहाराआधी मोजा.

आता रस्त्यावरचा हिशेब. वर्षाला आठ हजार किलोमीटर आणि लिटरला सोळाचे ॲव्हरेज धरले तर पाचशे लिटर पेट्रोल. आपल्या भागात राज्याचा व्हॅट २५ टक्के, शिवाय लिटरमागे ५ रुपये १२ पैसे. भाव १०५ रुपये धरला तर लिटरमागे राज्याकडे साधारण पंचवीस रुपये जातात, केंद्राचे उत्पादन शुल्क वेगळेच. म्हणजे वर्षाला साडेबारा हजार, पंधरा वर्षांत पावणेदोन लाखांच्या वर. ८८ हजार एकदा दिले म्हणून लक्षात राहतात. हे पंपावर थेंबाथेंबाने जातात म्हणून कोणी मोजत नाही. आणि हे फक्त कारवाला देत नाही. जुन्या मोटारसायकलवर कामाला जाणारा शेतमजूरही लिटरमागे तेवढेच देतो.

हा पैसा रस्त्यासाठी असावा, हा विचार जुना आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले ते, १९२७ च्या रस्ते समितीचे अध्यक्ष होते. त्या समितीच्या शिफारशीवरून गॅलनमागे जादा दोन आणे घेऊन १९२९ मध्ये मध्यवर्ती रस्ता निधी उभा राहिला. १९४३ मध्ये नागपूरला मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. राष्ट्रीय महामार्गापासून ग्रामरस्त्यापर्यंतची जी उतरंड आपण आज वापरतो, ती त्या नागपूर योजनेची. राज्याचा वाहन कर मात्र सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत जातो. आपल्या ८८ हजारांवर ‘मारेगावचा रस्ता’ असे लिहिलेले नसते.

शिवाय कारवरचा हा कर किमतीवर आहे, वजनावर नाही. रस्ता मात्र वजनाने मोडतो. आसावरचे ओझे दुप्पट झाले की रस्त्याची झीज सुमारे सोळापट होते, हा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. वणीकडच्या कोळशाच्या ट्रकांमागून गाडी चालवणाऱ्याला तो वेगळा शिकवावा लागत नाही. खड्डा पाडते दुसऱ्याचे चाक, शॉकॲब्सॉर्बर बदलतो आपण. त्या बिलाला ना पावती मिळते, ना कोणत्या खात्यात नोंद होते.

म्हणून दोनच गोष्टी सांगतो. गाडी घेण्याआधी हप्ता, विमा, पेट्रोल आणि दुरुस्ती यांची वर्षाची बेरीज मांडा आणि ती चुकाऱ्याशी ताडून पाहा. बसत नसेल तर एक हंगाम थांबा, गाडी कुठे पळून जात नाही. आणि ग्रामसभेत, नगरपंचायतीत रस्त्याचा विषय निघाला की मागणाऱ्याच्या आवाजात बोलू नका. आपण सारे रोज पंपावर पैसे मोजून आलेले आहोत. रस्त्याचे अंदाजपत्रक, कंत्राटाची रक्कम आणि दोषदायित्वाची मुदत लेखी मागा. तो आपला हक्क आहे आणि त्याची किंमत आपण आधीच भरली आहे.