घरी सेवेला बाई ठेवताना
(वर्धापनदिनी केलेल्या भाषणावरून)



सासूबाईंचे खुब्याचे हाड मोडले, तेव्हा मी एका ब्यूरोला फोन केला. त्यांनी दर सांगितला, पत्ता घेतला आणि संध्याकाळी बाई हजर! मला हायसे वाटले. आठवड्याने सासूबाईंचे अंग पुसताना पाहते, तो माकडहाडापाशी कातडी फुटलेली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, हे त्या बाईला कुणी शिकवलेच नव्हते. शिवाय दिवसभर दुसरीकडे राबून ती रात्री आमच्याकडे येई. तिला तरी काय बोलणार?

दुसऱ्या ब्यूरोच्या चालकबाईंनी दराआधी मलाच प्रश्न विचारले. रुग्णाला उठता येते का, औषधे कोणती, रात्री जागते कोण? स्वतः घरी येऊन पाहून गेल्या. इंजेक्शनासाठी नर्सच येईल, आया नव्हे, हेही त्यांनी बजावले. नर्सची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असते, ती अवश्य पाहावी.

मी आणखी दोन गोष्टी विचारते. बाई आली नाही तर बदली किती वाजेपर्यंत येईल? आणि आम्ही देतो त्यातले तिच्या हाती किती पडते? या दुसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली की मी तेथून उठते. (फुटक्या कपात तिला चहा देणारी घरेही मी पाहिली आहेत, पण ते असो.)

आमच्या खाटेशी एक वही टांगलेली असे. कूस केव्हा बदलली, औषध केव्हा दिले, ते बाई त्यात लिही. लिहिता न येणारी आली, तेव्हा माझी नात तिला विचारून लिहू लागली.