शोभेच्या केळीचे छुपे शत्रु

महाराष्ट्रांतील घरांत केळ आली ती घडासाठीं, पानासाठीं आणि मंगलकार्याच्या खांबांसाठीं. निव्वळ शोभेसाठीं केळ लावण्याची हौस त्यामानानें अलीकडची. आज मात्र शहरांत फाटकाशीं किंवा गच्चीवरील कुंडींत उभी असलेली केळ पुष्कळदां फळासाठीं नसतेच. कोठें गुलाबी-जांभळें केळफूल आकाशाकडे उभें धरणारी 'म्युसा ऑर्नाटा' असते. कोठें आसामाकडील, मखमली गुलाबी फळांची 'म्युसा व्हेल्युटिना' असते. कोठें इथिओपियाच्या डोंगरांतल्या केळीची तांबूस पानांची जात हौसेनें आणलेली असते. सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यांत डोकें वर काढणारी आणि उन्हाळ्यांत कंदापर्यंत मिटून जाणारी रानकेळ, जिला कोठें चवेणी तर कोठें कवदर म्हणतात, तीही रसिकांच्या आवारांत येऊं लागली आहे.

फळाची केळ व शोभेची केळ हा भेद माणसाचा आहे; किड्यांना तो मान्य नाहीं. बागेच्या मालकाचा मात्र त्यामुळें एक तोटा होतो. घड घ्यावयाचा नसल्यानें तो बुंध्याशीं फारसा वाकत नाहीं. त्याची नजर पानावर असते. पान पिवळें पडलें कीं तो फवारणीचा पंप शोधूं लागतो. केळीचे खरे घातक शत्रु बुडाशीं, वाळलेल्या सोपटांच्या आड किंवा कंदाच्या पोटांत असतात, आणि पानावर खूण उमटेपर्यंत त्यांचें काम बरेंचसें उरकलेलें असतें.

त्यांतला पहिला मान कंद पोखरणाऱ्या सोंडकिड्याचा. शास्त्रीय नांव 'कॉस्मोपोलायटिस सॉर्डिडस'. काळा, कठीण पाठीचा, सुमारें एक-सव्वा सेंटीमीटर लांबीचा हा प्राणी, बोट लागतांच पाय आंखडून मेल्याचें सोंग घेतो. दिवसा तो ओलाव्यांत लपतो, रात्रीं चालतो, आणि पंख असूनही क्वचितच उडतो. मादी अंडीं फार घालीत नाहीं; परंतु किड्याचें आयुष्य वर्षाहूनही अधिक असूं शकतें, त्यामुळें सावकाशीनें कां होईना ती पुरेसा नाश करते. अंड्यांतून निघणारी, पाय नसलेली, पांढरट अंगाची व तांबूस डोक्याची अळी कंदांत बोगदे पाडीत जाते. मुळें धरण्याची जागाच नाहींशी होते. मधला पोंगा सुकतो, झाड खंगतें, आणि वाऱ्याच्या एखाद्या झोतानें मुळासकट उलथून पडतें. दुसरा सोंडकिडा, 'ओडोइपोरस लाँजिकॉलिस', जमिनीवरील खोडांत शिरतो. खोडावरील बारीक भोंकांतून डिंकासारखा रस ओघळतांना दिसला कीं तो आंत आहे असें समजावें. ही केळ उलथत नाहीं, मधेंच मोडते. पडलेल्या झाडाकडे एवढें पाहिलें तरी चोर कोणता तें कळतें.

पहिला किडा उडत क्वचित येतो, तर मग आवारांत शिरतो कसा? बहुधा घरधनीच त्याला सन्मानानें आंत आणतो. एक वाट मुनव्याची. कोणी आप्त गांवाहून केळीचा मुनवा आणतो, त्याच्या कंदांत अंडीं आणि अळ्या असतात. दुसरी वाट पूजेच्या खांबांची. सत्यनारायणासाठीं बाजारांतून आणलेले खांब पूजा आटोपल्यावर 'खत होईल' म्हणून बागेंतल्या केळीच्याच बुडाशीं टाकले जातात. भावना चांगली आहे. पण कापलेल्या, कुजूं लागलेल्या खोडाचा वास दोन्ही सोंडकिड्यांना ओढून आणतो, आणि त्यांची वीण तेथेंच वाढते. खांबांचे उभे चिरून लहान तुकडे करावे, कडक उन्हांत वाळवावे, मग खताच्या खड्ड्यांत टाकावे.

मावशींनीं कौतुकानें दिलेला मुनवा नाकारणें कोणालाही जड जातें, आणि नाकारण्याचें कारणही नाहीं. त्याला अंगणाबाहेरच थांबवावें म्हणजे झालें. मुळें छाटून, कंदाची वरची साल सुरीनें पांढरा गर दिसेपर्यंत तासावी. आंत तपकिरी बोगदे दिसले तर तो मुनवा बागेंत घेऊं नये. तुकडे करून खोल पुरावा. कंद स्वच्छ निघाला तर उकळत्या पाण्यांत सुमारें ३० सेकंद बुडवून काढावा. ही सोपी रीत नायजेरियांतील इबादान येथील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषि संस्थेनें प्रचारांत आणली. तिनें सूत्रकृमि आणि सालीजवळचीं अंडीं मरतात. तासलेला कंद रात्रभर बागेंत उघडा ठेवूं नये, कारण त्याचा वास सोंडकिड्यांना बोलावतो.

कापलेल्या खोडाची हीच आवड किड्याला पकडण्याच्याही उपयोगी पडते. फुलून गेलेल्या केळीच्या खोडाचा फूटभर तुकडा उभा चिरून, कापलेली बाजू जमिनीकडे करून बुंध्याशीं ठेवावा. तीन-चार दिवस रोज सकाळीं तो उलटून पाहावा आणि खालीं सांपडलेले किडे साबणाच्या पाण्यांत टाकावे. तुकडा वाळण्यापूर्वीं उचलून फोडून टाकावा. विसरला तर सापळ्याचेंच प्रसूतिगृह होतें. हें काम घरांतल्या मुलांना द्यावें. मेल्याचें सोंग घेणारा किडा त्यांना फार आवडतो.

मावा दिसायला क्षुद्र, पण त्याचें भय निराळें. केळीचा तपकिरी-काळा मावा, 'पेंटालोनिया नायग्रोनर्व्होसा', बुडाशीं सोपटांच्या आड आणि पोंग्यांत राहतो. मादीला नराची गरज लागत नाहीं. ती पिलांनाच जन्म देते. त्याच्या गोड विष्ठेसाठीं मुंग्या त्याला गाईसारखी सांभाळतात, म्हणून केळीवर मुंग्यांची रांग दिसली कीं तिच्या मागोमाग सोपटांत नजर टाकावी. माव्यानें शोषलेल्या रसापेक्षां त्यानें आणलेला रोग अधिक वाईट. पर्णगुच्छ रोगाची नोंद प्रथम १८८९ मध्यें फिजी बेटांत झाली. तो माव्यामुळें पसरतो हें ऑस्ट्रेलियांत सी. जे. मॅगी यांनीं १९२०-३० च्या दशकांत सिद्ध केलें. १९४० च्या सुमारास तो केरळांत आला. पानांच्या शिरांवर तुटक गडद हिरव्या रेघा येतात, नवीं पानें अरुंद व ताठ होऊन शेंड्याशीं गुच्छ धरतात, आणि झाड खुरटतें.

त्यावर औषध नाहीं. येथें घरधन्याची परीक्षा असते. शोभेची केळ घड देत नसल्यानें रोगट झाली तरी त्याचें कांहींच बुडत नाहीं, आणि तो 'असूं द्या, जगते आहे' म्हणून तिला ठेवून घेतो. पण कुंपणापलीकडे शेजाऱ्याच्या परसांत वेलची किंवा राजेळी केळ असते, आणि पंख फुटलेल्या माव्याला कुंपण नसतें. अशी केळ काढलीच पाहिजे, कंदासह आणि भोंवतालच्या सर्व मुनव्यांसह, कारण सारें बेट एकाच कंदाचा परिवार असतो. मात्र आधीं साबणाच्या पाण्याची फवारणी करून मावा मारावा व दुसऱ्या दिवशीं खणावें. घाईनें आधीं खणलें तर उपाशी मावा उठून शेजारच्या झाडावर जातो. शेजाऱ्यालाही सांगावें, लाजण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं.

रोग नसतां नुसता मावा किंवा पिठ्या ढेकूण असेल तर वाळलेलीं सोपटें काढून टाकावीं, लिटरभर पाण्यांत पांच मिलिलिटर कडुनिंबाचें तेल व थोडा मऊ साबण मिसळून सायंकाळीं फवारावें, आणि आठवड्यानें पुन्हा फवारावें. झाडाच्या रसांत भिनणारीं विषें घरच्या केळीला घालूं नयेत. शोभेची म्हटली तरी सणाच्या दिवशीं तिचेंच पान नैवेद्याला कापलें जातें, आणि रसांत भिनलेलें विष पान धुवून जात नाहीं. जुन्या पुस्तिकांतून फोरेटचे दाणे बुडाशीं घालण्याची शिफारस आढळते. तें औषध ३१ डिसेंबर २०२० पासून भारतांत बंद आहे. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयानें २०११ मध्येंच बंदी घातली.

गच्चीवरील कुंड्यांत सोंडकिडा विरळा. तेथें उन्हाळ्यांत लाल कोळी त्रास देतो. आठ पायांचा असल्यानें तो कीटक नव्हे, पण पानाच्या पाठीवर बसून पान धुरकट करण्यांत कमी नाहीं. पाण्याचा जोरदार फवारा पानाच्या खालच्या बाजूस दोन-तीन दिवसांआड मारला कीं बहुधा भागतें.

रानकेळीची गोष्ट वेगळी. तिला मुनवे फुटत नाहींत, ती बियांपासून येते. त्यामुळें मुनव्याबरोबर घरांत शिरणारा सोंडकिडा तिच्या वाटेनें येत नाहीं. पण शेजारच्या केळीवरून तो तिच्या कंदांत शिरला तर मागें वंश ठेवायला एकही मुनवा नसतो. तिला इतर केळींपासून दूर लावावें. अनेक वर्षांनीं एकदांच फुलून ती मरते. तेव्हां घड वाळतांच त्यांतील काळ्या, टणक बिया काढून ठेवाव्या आणि पाऊस लागण्यापूर्वीं पेराव्या.