खेळाडूची कारकीर्द आणि तिच्यामागची व्यवस्था

व्यावसायिक खेळाडूच्या कारकिर्दीची चर्चा बहुधा त्याची गुणवत्ता, त्याची जिद्द आणि त्याचे विक्रम यांच्यापाशीच थांबते. परंतु खेळाडू कोणत्या वाटेने संघात येतो, त्याच्याशी करार कोण आणि किती काळासाठी करतो, दुखापतीच्या काळात त्याचा भार कोण वाहतो आणि खेळ थांबल्यावर त्याच्या पाठीशी कोण उभे राहते, या चार प्रश्नांची उत्तरे खेळाडूच्या अंगी नसून त्या खेळाच्या व्यवस्थेत असतात. ऑस्ट्रेलियन फुटबॉलची रचना आणि पालघर जिल्ह्यातील दोन क्रिकेटपटूंची वाटचाल शेजारी ठेवून पाहिली, तर ही गोष्ट स्पष्ट होते.

ही तुलना वाटते तितकी दूरची नाही, कारण ऑस्ट्रेलियन फुटबॉल हा मुळात क्रिकेटपटूंच्या गरजेतून जन्मलेला खेळ आहे. हिवाळ्यात क्रिकेटपटूंची शरीरे सुस्तावू नयेत म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा, अशी सूचना व्हिक्टोरियाचे क्रिकेटपटू टॉम विल्स यांनी १८५८ साली वृत्तपत्राला पत्र लिहून केली आणि पुढच्याच वर्षी मेलबर्नमध्ये या खेळाचे पहिले नियम लिहिले गेले. हा खेळ आजही मोठ्या प्रमाणात क्रिकेटच्याच मैदानांवर, दोन्ही बाजूंच्या प्रत्येकी १८ खेळाडूंनिशी आणि लंबगोल चेंडूने खेळला जातो. मैदानाच्या प्रत्येक टोकाला असलेल्या चार खांबांपैकी मधल्या दोहोंतून चेंडू लाथेने पार केला तर सहा गुण आणि बाजूच्या खांबांमधून गेला तर एक गुण मिळतो.

या खेळाच्या राष्ट्रीय लीगमध्ये प्रवेशाचे मुख्य दार म्हणजे १९८६ साली सुरू झालेला ‘ड्राफ्ट’, अर्थात नव्या खेळाडूंची क्रमवार निवड. गुणतक्त्यात तळाला राहिलेल्या संघाला पहिली निवड मिळते, त्यामुळे उत्तम तरुण खेळाडू दुबळ्या संघाकडेही जातात. शिवाय प्रत्येक क्लबच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा असल्याने, श्रीमंत क्लबाने सगळे मोहरे विकत घ्यावेत असे होत नाही. या रचनेची किंमत खेळाडूलाही मोजावी लागते. अठरा वर्षांच्या मुलाला आपला क्लब निवडता येत नाही, घरापासून हजारो किलोमीटरवरच्या शहरात जावे लागते आणि हंगाम संपताच क्लबच्या यादीतून नाव वगळले जाण्याची टांगती तलवार कायम राहते. या असमतोलाला उतारा म्हणून १९७३ साली स्थापन झालेली खेळाडूंची संघटना उभी आहे. वेतन, दुखापत आणि निवृत्तीनंतरचे साहाय्य यांविषयी ती लीगशी सामूहिक करार करते, आणि क्लबमध्ये दीर्घ सेवा झालेल्या खेळाडूला करार संपल्यावर क्लब बदलण्याची मुभा २०१२ पासून मिळाली आहे.

पालघरमध्ये १६ ऑक्टोबर १९९१ रोजी जन्मलेले शार्दूल ठाकूर यांच्यासाठी असे कोणतेही दार नव्हते. डहाणूपर्यंत उपनगरी गाड्या एप्रिल २०१३ मध्ये धावू लागल्या. त्याआधी उपनगरी सेवा विरारलाच संपत असे आणि मुंबईचे क्रिकेट तर त्याहीपुढे, मैदानांच्या आणि शाळांच्या जाळ्यात होते. प्रशिक्षक दिनेश लाड यांनी या मुलाला बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेत आणले आणि स्वतःच्या घरी ठेवून घेतले. त्या शाळेकडून खेळताना ठाकूर यांनी २००६ साली हॅरिस शील्ड या मुंबईच्या आंतरशालेय स्पर्धेत एका षटकात सहा षटकार मारले. पुढे २०१४-१५ च्या रणजी हंगामात त्यांनी १० सामन्यांत ४८ बळी घेतले. थोडक्यात, ऑस्ट्रेलियात जे काम लीगची निवडयंत्रणा करते, ते येथे एका प्रशिक्षकाने आणि त्यांच्या कुटुंबाने केले.

दुखापतीचा प्रश्न तर कसोटी पदार्पणातच उभा राहिला. ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादला वेस्ट इंडीजविरुद्ध अवघे १० चेंडू टाकून ठाकूर यांना मैदान सोडावे लागले आणि दुसऱ्या कसोटीसाठी जानेवारी २०२१ पर्यंत थांबावे लागले. ती कसोटी ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर झाली, जे ब्रिस्बेन लायन्स या फुटबॉल क्लबचेही घरचे मैदान आहे. भारताची अवस्था ६ बाद १८६ असताना ठाकूर यांनी ६७ धावा करत वॉशिंग्टन सुंदर यांच्यासह १२३ धावांची भागीदारी रचली, सामन्यात सात बळी घेतले, आणि १९८८ पासून तेथे एकही कसोटी न हरलेला ऑस्ट्रेलिया पराभूत झाला.

वेस्ट इंडीजविरुद्धच्या त्याच २०१८ च्या मालिकेत विरारमध्ये वाढलेले पृथ्वी शॉ यांनी राजकोटला पदार्पणातच १३४ धावा केल्या होत्या. २०१३ साली हॅरिस शील्डमधील त्यांच्या ५४६ धावांची आणि २०१८ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वविजेत्या संघाच्या त्यांच्या नेतृत्वाची नोंद सर्वज्ञात आहे. तरीही नोव्हेंबर २०२४ च्या आयपीएल लिलावात या दोघांवरही एकाही संघाने बोली लावली नाही. २०२२ च्या लिलावात दिल्लीने ठाकूर यांच्यासाठी १० कोटी ७५ लाख रुपये मोजले होते. २०२५ मध्ये ते दुखापतग्रस्त मोहसीन खान यांच्या जागी लखनौच्या संघात आले आणि हैदराबादविरुद्ध ३४ धावांत चार बळी घेऊन त्यांनी आपली उपयुक्तता सिद्ध केली. लिलाव खेळाडूला अल्पावधीत मोठे धन देतो, परंतु तो त्या दिवसाची गरज मोजतो, कारकीर्द नव्हे. भारतीय क्रिकेटपटूंची २०१९ साली स्थापन झालेली संघटनाही निवृत्त खेळाडूंपुरती आहे; खेळत असलेल्यांच्या वतीने वाटाघाटी करणारे व्यासपीठ अद्याप नाही.

यातून निघणारा निष्कर्ष असा की, पालघर जिल्ह्यात गुणवत्तेची वाण नाही. वाण आहे ती गुणवत्तेला पहिला आधार देणाऱ्या स्थानिक व्यवस्थेची. करार आणि लिलाव यांचे नियम बदलणे वसई-विरारच्या हाती नाही, परंतु क्रीडांगणांसाठी राखलेले भूखंड मोकळे ठेवणे, शाळांना प्रशिक्षक मिळवून देणे आणि लांबून येणाऱ्या मुलांच्या राहण्याची सोय करणे हे महानगरपालिका, शाळा आणि येथील क्रीडा मंडळे यांच्या हाती निश्चित आहे, आणि ते काम एखाद्या प्रशिक्षकाच्या औदार्यावर सोडून न देता त्यांनी स्वतःच्या शिरावर घ्यावे.