नव्या ओंबीचे जेवण

१८६३ मध्ये लिंकन यांनी नोव्हेंबरातला अखेरचा गुरुवार आभारदिन म्हणून जाहीर केला. मंगळूरकडच्या कॅथलिकांचा तसाच दिवस ८ सप्टेंबर, पवित्र मरियेचा जन्मदिन, म्हणजेच मोंती फेस्त.

हिंडलग्यात स्थायिक झालेल्या अशाच एका घरी पहाटेपासून पाव भाजले जात असतात, आजी नारळाचे दूध काढीत असते आणि दोन्ही कुत्री नेमकी उंबऱ्यात आडवी. त्यांना हाकलण्याचा हुकूम सगळेच देतात, पाळीत कोणी नाही. जेवण मात्र शाकाहारी, बिचाऱ्यांची निराशाच!

गावाकडचे शेत केव्हाच विकले गेले. ओंब्या शेजारच्या मराठा शेतकऱ्याने दिल्या. चर्चमध्ये आशीर्वाद मिळालेले ते दाणे आजी दुधात घालते. सात दाणे कागदात बांधून परदेशी मुलासाठी पाकिटात ठेवते. पहिली वाटी मात्र कुंपणापलीकडे जाते, गरम पावासह.