व्हॉल्व्हच्या यंत्रासाठीं रोहित्राची निवड

श्रोतेहो, रोहित्र म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें गांवाबाहेर दोन खांबांवर बसविलेली करड्या रंगाची पेटी उभी राहते. आज तिच्या एका धाकट्या भावंडाविषयीं बोलावयाचें आहे. तें ओंजळींत मावतें. घरांतल्या कर्त्या माणसासारखें तें असतें. नीट चालत असतां त्याची कोणी आठवण काढीत नाहीं, आणि तें बसलें म्हणजे सारें घर बसतें.

मी मॅट्रिकपलीकडे शिकलों नाहीं. जन्म शाळामास्तरकींत गेला. जें सांगणार आहें तें हात पोळून शिकलेलें आहे.

निवृत्तीनंतर आपल्या जिल्ह्यांतील जुन्या कीर्तनकारांचे आवाज मुद्रित करून ठेवावे, असें मनांत आलें. ज्या नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या तालुक्यांत असे आवाज अद्याप आहेत. अडचण अशी कीं, निरूपण चालतें कुजबुजीसारखें, आणि अभंग उठला कीं टाळ-मृदंगाचा कल्लोळ. हा चढउतार आवरणारें यंत्र म्हणजे कॉम्प्रेसर. त्यांत ६ बीए ६ सारखा व्हॉल्व्ह असतो. आवाज वाढला कीं त्याच्या जाळीवर ऋण दाब येतो आणि व्हॉल्व्हची वर्धनशक्ति आपोआप उतरते. असें यंत्र मीं घरीं बांधलें.

चूक झाली ती रोहित्रांत. जुन्या बाजारांत एक सुरेख अमेरिकन रोहित्र मिळालें. त्यावर ११७ व्हॉल्ट, ६० सायकल असें लिहिलेलें. दाब उतरविण्याची सोय मीं केली. सायकलकडे दुर्लक्ष केलें. आपली वीज ५० सायकलची. दाब तोच ठेवून सायकल कमी झाल्या, तर लोखंडी गाभ्यांतील चुंबकप्रवाह त्याच प्रमाणांत, म्हणजे येथें एक पंचमांशानें, वाढतो. गाभा अगोदरच काठोकाठ भरलेला असेल तर तो ओसंडतो आणि रोहित्र तापतें. पहिला अभंग संपला, वार्निशाचा वास आला, आणि यंत्र मुकें झालें. ते वृद्ध कीर्तनकार हंसून म्हणाले, "गुरुजी, पुढच्या एकादशीला पुन्हा." ती एकादशी त्यांना लाभली नाहीं.

म्हणून पहिला नियम: रोहित्र २३० व्हॉल्ट आणि ५० सायकलसाठींच घडविलेलें असावें.

दुसरा नियम हिशेबाचा. माझ्या यंत्रांत ६ बीए ६ दोन, १२ एएक्स ७ दोन आणि ६ एएल ५ एक. प्रत्येकाचा तापतंतु ६.३ व्हॉल्टवर ०.३ अँपिअर घेतो, मिळून १.५. एकदिशीकरणाचा ६ एक्स ४ आणखी ०.६ घेतो. बेरीज २.१ अँपिअर, म्हणजे सुमारे १३ वॅट. उच्च दाबाचा खर्च ३०० व्हॉल्टवर ४० मिलिअँपिअर, म्हणजे १२ वॅट. एकूण २५ झाले, तरी मीं ५० व्होल्टअँपिअरचें रोहित्र करविलें. संधारित्र भरतांना प्रवाह धक्क्याधक्क्यानें ओढला जातो, त्यामुळें वाइंडिंग हिशेबापेक्षां अधिक तापतें. दुसरें असें कीं, कॉम्प्रेसर आवाज दाबूं लागला म्हणजे व्हॉल्व्हचा प्रवाह घटतो. रोहित्र दुबळें असेल तर त्या क्षणीं दाब उसळतो आणि शांत शब्दामागें 'धप्प' असा आवाज उमटतो.

परंतु अति मोठेंही नको. ६.३ व्हॉल्टला ६ अँपिअरसाठीं गुंडाळलेल्या वाइंडिंगमधून दोनच घेतले, तर दाब वर राहतो आणि व्हॉल्व्हचें आयुष्य घटतें. त्यांत आपल्याकडील विजेची लहर! माझ्या मीटरवर सायंकाळीं १९० आणि मध्यरात्रीं २५० मीं पाहिले आहेत, म्हणजे ६.३ चे कधीं ५.२ तर कधीं ६.८५. प्राथमिक वाइंडिंगला २१०, २३० व २५० अशीं तीन टोकें काढून घ्यावीं, किंवा स्टॅबिलायझर लावावा.

शेतीपंपाच्या मोटारी भरणारे कारागीर तालुक्या-तालुक्यांत आहेत. त्यांच्यापैकीं एकाकडून मीं नवें रोहित्र भरून घेतलें. गाभ्याचा छेद ९ चौरस सेंटिमीटर, दर व्हॉल्टला ५ वेढे, म्हणजे २३० ला ११५०. प्राथमिक व दुय्यम यांमध्यें तांब्याचा पत्रा घालून तो भूमीला जोडावा. मात्र पत्र्याचीं टोकें एकमेकांस भिडूं देऊं नयेत, नाहीं तर तोच एक जळका वेढा होतो. रोहित्र ध्वनिप्रवेशापासून दूर ठेवावें आणि फिरवून पाहावें. ज्या दिशेस गुणगुण सर्वांत कमी, तेथेंच बसवावें.

शेवटची गोष्ट जिवाची. वीज बंद केली तरी संधारित्रांत ३०० व्हॉल्ट दबा धरून असतात. त्यांना रिता करणारा रोध कायमचा जोडावा, मीटरनें खात्री करावी, पेटीला भूमि द्यावी, फ्यूज विसरूं नये, आणि चालू यंत्राला हात लावतांना दुसरा हात खिशांत ठेवावा.

नवें रोहित्र चार तास चाललें तरी त्यावर हात ठेववतो. गेल्या आषाढांत त्यावर सहा कीर्तनें मुद्रित झालीं. सातवें, जें पहिलें व्हावयाचें होतें, तें मात्र राहिलें. श्रोतेहो, आपल्या घरांतही असा एखादा आवाज असेल. यंत्र नीट निवडा. पण फार वेळ लावूं नका.